प्रतिक्षाचा आवाज

यादोरावांना पोरीचं कौतुक जरा जास्तच होतं. प्रतिक्षा पंखा बंद करून, घाम पुसत बातम्या वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायची. आणि तिच्या आवाजातला व्हिडिओ फेसबुकवर आला की हे गृहस्थ तो गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या सगळ्या गावांच्या ग्रुपवर धाडून मोकळे. खाली लिहायचे, 'आवाज माझ्या मुलीचा.' धरणग्रस्तांसाठी त्यांनी वीस वर्षं मोर्चे काढले होते, त्यामुळे त्यांनी धाडलेलं लोक डोळे मिटून खरं मानत. प्रतिक्षाला नेमकं हेच टोचायचं.

काम दिल्लीच्या एका माणसाकडून यायचं. बातम्या एका परदेशाच्या: तिथले रस्ते, तिथली इस्पितळं, तिथलं हसतमुख सरकार. तिच्याकडे येणाऱ्या व्हिडिओच्या कोपऱ्यात त्या सरकारच्या चॅनलची खूण असे. पेजवर चढेपर्यंत ती पुसलेली असे, आणि पेजचं नाव 'आपली बातमी'. आपली म्हणे! त्या देशात सरकारविरुद्ध तोंड उघडणारा सरळ तुरुंगात जातो, हे प्रतिक्षाने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाचावं तर मन खातं, सोडावं तर पवनीसारख्या लहान गावात दुसरं काम कुठलं.

दिवाळी झाल्यावर तिथल्या एका धरणाची बातमी आली. नदीकाठचं गाव उठलं आणि लोक हसतखेळत नव्या घरांत गेले, अशी. तिने ती वाचली, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. यादोरावांनी मात्र दुसऱ्या दिवशी ती ग्रुपवर धाडली आणि घरातही मोठ्याने लावली. सरकार असावं तर असं, म्हणाले. आपणच मूर्ख, उगाच वीस वर्षं घसा कोरडा केला.

यादोरावांच्या आई, बायजाबाई, भाजी निवडत होत्या. त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"हे राजीखुशीनं नाई गेले," त्या म्हणाल्या. "मांगची दारं पाय. घर सोडतानी कोनी दार तसंच ठेवते का वं? आपन तं चौकटी उपसून आनल्या. यायले उपसूच नाई देलं."

हसणाऱ्या बायांच्या मागे घरं उभी होती. दारं, चौकटी, कौलं, सगळं जागच्या जागी. यादोरावांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. स्वतःच्या गावातून निघताना फाटक्यातल्या फाटक्या माणसानेही सागाची चौकट बैलगाडीत घातली होती, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी ग्रुपवरून तो व्हिडिओ काढून टाकला, चूक कबूल केली आणि पोरीला हे वाचणं सोड म्हणाले.

प्रतिक्षाने लगेच दिल्लीला फोन करून दारांची गोष्ट सांगितली आणि काम सोडत असल्याचं कळवलं. तो माणूस रागावला नाही. उलट फार गोड बोलला. हरकत नाही मॅडम, तुमचं रेकॉर्डिंग भरपूर आहे, आता मशीनच तुमच्या आवाजात वाचेल. तिने परवानगी नाकारली, तर कामाला लागताना दिलीच आहे म्हणाला आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी ग्रुपवर दुसरा व्हिडिओ आला. त्याच धरणाचा, तिच्याच आवाजात: दारं सोडून जाण्याची तिकडे रीतच आहे, नव्या घराला जुनं लाकूड अशुभ मानतात. धाडला होता त्यांच्याच बुडालेल्या गावातून करडी गावाकडे राहायला गेलेल्या श्यामरावांनी. खाली त्यांनी लिहिलं होतं, यादोरावची पोरगी सांगून राहिली म्हणजे खरंच असन.

तिने लिहिलं, तो आवाज माझा नाही. कोणी हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकली. मग तिने मोबाइल तोंडाजवळ धरला, आणि हे मी वाचलेलं नाही, मशीनने वाचलंय, असं सावकाश, स्पष्ट बोलून पाठवलं.

थोड्या वेळाने श्यामरावांचं उत्तर आलं.

"दोन्ही आयकले, बाई. तोच तं आवाज हाये. काहून नाई म्हनून राहिली?"