चिनी मातीचे आठ फ्यूज

"वैद्यबुवा, चिनी मातीचे फ्यूज मागायला पंधरा वर्षं उशिरा आलात तुम्ही," जुन्या सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला. "प्लास्टिकचे चपटे घ्या. मूठभर देतो."

"चपटे त्या पेटीत बसत नाहीत. आणि पेटी बदलली तर गाडीचा मालक माझा जीव घेईल. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. परीक्षक म्हणे झाकण उघडून आतले फ्यूजही बघतात."

"फ्यूज बघतात? घरी काही कामधंदा नाही वाटतं त्यांना!"

मिस्त्री हसले नाहीत. सकाळपासून हे चौथं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरिंगमध्ये डोकं घातलं होतं. नुसता हात लावून बिघाड ओळखतात अशी त्यांची ख्याती, म्हणून सगळा बाजार त्यांना वैद्यबुवा म्हणायचा. वरवर ते कुरकुर करत, पण आतून त्यांना या नावाच्या गुदगुल्या व्हायच्या.

दुकानदार शिडीवर चढला, तीन डबे उपसले, दोनदा शिंकला आणि शेवटी एक पुडी घेऊन उतरला. आत बोटाच्या पेराएवढे पांढरे फ्यूज होते, प्रत्येकाच्या अंगावर धातूची बारीक पट्टी. मोजले तर बरोबर आठ. पेटीत घरंही आठच होती.

"जपून हं. नववा जगात कुठे असला तर मला माहीत नाही."

मिस्त्रींनी पुडी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि तडक आपल्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, साहेबांच्या घरी आले. साहेबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. फिकट पिवळी गाडी मात्र त्याच्याही आधी चार वर्षं आच्छादनाखाली उभी होती. आता साहेबांच्या मुलाला, तिच्या नव्या मालकाला, तिचा पुळका आला होता. तो रविवारी येणार होता.

साहेबांच्या पत्नी, वहिनी, चहा घेऊन बाहेर आल्या. "आता गाडी गाडी करतोय," त्या म्हणाल्या. "किल्ली त्यानंच काढून घेतली होती ह्यांच्याकडून. हे रोज एकच घोकायचे, गाडीत जळका वास येतो. मला येईना, मुलाला येईना. तुम्हीसुद्धा तपासलीत."

"तपासली होती," मिस्त्री म्हणाले.

"मग डॉक्टर म्हणाले, या वयात नसलेले वास येतात माणसाला. झालं! हे गप्पच झाले. पुढे पुढे तर दूध लागलं का बघा म्हटलं, तरी म्हणायचे, 'मला नको विचारूस. माझ्या नाकाचा काही भरवसा नाही.'"

मिस्त्रींनी चहा संपवला आणि ते पेटीकडे वळले. पाच फ्यूज भराभर बदलले. सहावा निघेना. पक्कडीनं ओढून काढला, तर त्याच्या खालच्या अंगाला तांब्याची तार गुंडाळलेली होती. तीन वेढे आणि शेपूट डावीकडे दुमडलेलं. अख्ख्या बाजारात डावखुरा मिस्त्री एकच होता.

त्यांना सगळं आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी साहेब सहकुटुंब गावाला निघाले होते आणि ऐन वेळी दिवे गेले. जवळ फ्यूज नव्हता. "दोन दिवस चालवा, मग अस्सल टाकू," असं म्हणून त्यांनी तार गुंडाळून दिली. असं सगळेच करतात. मग ते साफ विसरून गेले. पण फ्यूज वेळेवर जळतो आणि पुढचं वाचवतो. जाड तार काही जळत नाही, ती सगळं पुढे जाऊ देते. वासाची तक्रार आली तेव्हा त्यांनी पेटीतला एकही फ्यूज उपसला नव्हता. सगळे दिवे लागले, तेवढ्यावर बॉनेटवर थाप मारून मुलासमोर हसत म्हणाले होते, "साहेब, गाडी ठणठणीत आहे. वास तुमच्या डोक्यात आहे."

त्यांनी नवा फ्यूज बसवला आणि दिवे लावले. मिनिटभरात पट्टी वितळली. मग त्यांनी डॅशबोर्डखालचा पत्रा खोलला. आत दिव्यांच्या वायरींचा जुडगा काळा पडून एकमेकांना चिकटला होता. एक वायर लोखंडी पट्टीवर घासून उघडी पडली होती. एखाद्या दिवशी गाडी पेटलीच असती.

तासाभराचं काम होतं. जुडगा बदलायचा, जुना पिशवीत घालून न्यायचा. कोणाला पत्ता लागला नसता. मिस्त्रींनी ती तार मुठीत दाबून धरली आणि ते गाडीतून उतरले. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"वहिनी, जरा इकडे येता?"

त्या आल्या. मिस्त्रींनी मूठ उघडली. "ही माझ्या हातची तार. हिच्यामुळे आतल्या वायरी जळत होत्या. साहेबांना येत होता तो वास खरा होता. मी नीट बघितलंच नाही."

वहिनींनी ती तार उचलून जवळून बघितली. "म्हणजे ह्यांना काही झालं नव्हतं?"

"नाकाला तरी नाही."

"तुम्हाला एकट्याला काय बोलू, मिस्त्री? मी त्यांच्या तोंडावर हसले होते."

मिस्त्री पेटीकडे वळले. "रविवारच्या आत सगळं नवं करून देतो. एक फ्यूज कमी पडतोय, पण तो मी कुठूनही..."

"ते तुमचं तुम्ही बघा. जळलेलं आधी काढा. आणि टाकायचं नाही, माझ्याकडे द्यायचं. मुलगा येईल तेव्हा त्याला बघू दे."

जुडगा निघायला अर्धा तास लागला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला. राख पदरावर सांडली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या आत गेल्या आणि जेवणाच्या टेबलावर, साहेबांच्या खुर्चीसमोर त्यांनी तो ठेवला. मग दोन्ही हात टेबलावर टेकून वाकल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला.

"येतोय हो," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या. "येतोय वास."