अध्यक्षांची घंटा

"मी मेलो की वाजवशील ना गं घंटा?"

ब्लाझेना कुदर्नोवा चॅपेलच्या पायरीवर साचलेला लिंडनच्या झाडाचा पाचोळा झाडत होती. आवाज कुणाचा हे कळायला तिला मान वर करावी लागली नाही. एव्झेन वोंद्राकला नावाने हाक मारणारं लोउचकोवमध्ये आता कुणी उरलं नव्हतं. सरकारी हुकमाने झालेली सहकारी शेती कधीच मोडीत निघाली होती, तरी गावाच्या तोंडी तो 'अध्यक्ष'च राहिला होता.

"अध्यक्षसाहेब, पाय उचला. पानं अडकलीत बुटाखाली."

म्हाताऱ्याने निमूटपणे पाय उचलला, काठीवर तोल सावरला आणि पुन्हा म्हणाला, "उत्तर नाही दिलंस."

"तुम्हाला कशाला हवी घंटा? देव नाही म्हणून टेबल बडवून बडवून तुम्हीच ना सांगितलं होतं आम्हाला?"

"नाहीच आहे देव. त्याच्यासाठी नकोय मला."

लोउचकोव हे खोलगट ताटलीसारखं गाव. मधोमध तळं, तळ्याच्या काठी चॅपेल आणि उत्तरेला दगडाच्या खाणीची टेकडी. घंटेचा नाद त्या टेकडीवर आपटून पुन्हा गावातच येऊन पडतो. घंटा हातभर उंचीची, पण वेशीवरच्या घरातली बाईसुद्धा हातातलं काम टाकून खिडकीत येते. पूर्वी हिची थोरली बहीणही वर टांगलेली होती. युद्धात जर्मनांनी ती तोफा ओतायला नेली. हिला बहुधा वजनात बसत नाही म्हणून सोडलं. रोज दुपारी बारा वाजता ब्लाझेना ती वाजवायची. गावात कुणी गेलं तर वेगळी रीत होती. बाईसाठी दोन फेरे, पुरुषासाठी तीन, आणि मध्ये एक आमेन म्हणण्याइतकी शांतता. हे तिला सासूने शिकवलं. सासूच्या काळात वोंद्राकने घंटेला बंदी घातली होती. सासू तरीही वाजवत राहिली आणि तो ऐकू न आल्यासारखं करत राहिला. बारा वाजले की अध्यक्षाचे कान बंद पडतात, असं गाव हसून म्हणायचं.

वोंद्राक बाकावर बसला. "माझी बहीण जिल्ह्याच्या दवाखान्यात वारली. मी धापा टाकत पोचलो तर पलंगावर दुसरीच बाई! चादर बदलली, झालं. इथे कसं, घंटा झाली की बायका खिडकीतून विचारतात, 'कोण गं गेलं?' एवढंच. कुणीतरी एकदा विचारावं. मग घाला खुशाल शिव्या."

ब्लाझेनाने झाडू भिंतीला टेकवला.

"माझ्या बापासाठी कुणी विचारलं होतं?"

म्हातारा तळ्यातल्या बदकांकडे पाहत राहिला.

ती शाळेत नुकती जाऊ लागली होती तेव्हाची गोष्ट. बाप, बोहुमिल झेमान, जमीन सहकारीत घालायला तयार नव्हता. एका सकाळी अंगणात ट्रक येऊन उभा राहिला. अंथरूण-पांघरूण, चार भांडी आणि माणसं तेवढी न्यायची. घोडे, गाई, घर सगळं इथेच. हुकूम वाचून दाखवला तो नव्या तरुण अध्यक्षाने, याच वोंद्राकने. बाप ट्रकमध्ये गावाकडे पाठ करून बसला. त्यांना सरहद्दीकडच्या सरकारी शेतावर नेऊन टाकलं. तिथले जर्मन युद्धानंतर हाकलून दिलेले, घरं ओस पडलेली, चर्चच्या दाराला फळ्या ठोकलेल्या. दुपारी सूर्य डोक्यावर आला की बाप बीट खणता खणता थांबायचा आणि मान जराशी कलती करायचा. "आता झाली असेल," म्हणायचा, आणि पुन्हा वाकायचा. तिसऱ्या हिवाळ्यात छातीत कफ धरून तो गेला. गोठलेली माती फोडायला पहार लागली. आजूबाजूच्या सगळ्या थडग्यांवर परकी नावं.

ब्लाझेना परत आली ती लोउचकोवच्या गवंड्याची बायको होऊन. सहकारीच्या गोठ्यात तिने अख्खी हयात गाईंच्या धारा काढल्या आणि महिन्याच्या पगारासाठी वोंद्राकच्याच टेबलापुढे उभी राहिली. दोघं एकमेकांशी दुधाबद्दल बोलायचे, वासरांबद्दल बोलायचे. त्या सकाळबद्दल कधीच नाही. बापाच्या घरात खताच्या गोण्या ठेवल्या जायच्या. खताने भिंती खाल्ल्या तेव्हा घर पाडलं. आता तिथे बस वळते.

"वरून हुकूम होता, ब्लाझेना."

"वर काय आहे? वर तर खाण आहे."

म्हाताऱ्याला हसू आलं. पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आधीच विरलं.

"नाही वाजवणार मी," ती म्हणाली. "तोंडावर सांगते. उगाच आशेवर राहू नका."

"बरं." तो काठीवर भार देऊन उठला. "खोटं नाही बोललीस, तेही बरं झालं."

तळ्याला वळसा घालून तो गेला. त्याला वेळ लागला. ब्लाझेना उरलेला पाचोळा झाडत राहिली, झाडून झाल्यावरही.

शेजारची यार्मिला त्या दिवशी आलुबुखारांचा मुरंबा ढवळत होती. ब्लाझेनाचं ऐकून तिने पळी वर धरली. "असं तोंडावर नाही म्हणालीस? म्हाताऱ्या माणसाला?"

"मग काय, मेल्यावर सांगू?"

"अगं, हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं. तो काय बघायला येणार होता?"

"ते मला जमत नाही."

"तुझं ना, सगळं बापासारखं," यार्मिला म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून पुन्हा ढवळू लागली.

जानेवारीत तळं गोठलं. एका सकाळी ब्लाझेना सूपसाठी बटाटे सोलत असताना फोन आला. वोंद्राकची मुलगी युदिता पार्दुबित्सेहून बोलत होती. बाबा आज पहाटे दवाखान्यात वारले. दहन तिकडेच, शहरात. समारंभ काही नाही, त्यांनाच नको होता.

"तुम्हाला तेवढं कळवायला सांगून ठेवलं होतं त्यांनी, ब्लाझेनाकाकू."

"आणखी काही म्हणाले?"

"नाही. मी विचारलं, काय सांगू त्यांना? तर म्हणाले, फक्त कळव. बाकी काही मागू नकोस." मग तिने विचारलं, "तुमची खूप मैत्री होती का?"

"नाही," ब्लाझेना म्हणाली. मग म्हणाली, "ओळख होती. जुनी."

राहिलेले बटाटे तिने सोलले. पातेलं चुलीवरून बाजूला सरकवलं, कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि रोजच्याप्रमाणे चॅपेलकडे निघाली. बाराची घंटा केली. दोर खुंटीला अडकवायला हात वर गेला आणि तिथेच थांबला. रोज अडकवताना या हाताने कधी विचार केला नव्हता.

तिने दोर पुन्हा दोन्ही हातांत घेतला.

पहिला फेरा. शांतता. दुसरा. शांतता. तिसरा. ताटलीच्या काठावर आपटून नाद परत आला. खिडक्या उघडल्या. तळ्यावर हॉकी खेळणारी पोरं काठ्या टेकून उभी राहिली. यार्मिला ॲप्रनवरच नवऱ्याचा कोट चढवून धावत आली. मागून दोघी-तिघी आल्या, लाकडं फोडत असलेला वोयतेख कालोउस कुऱ्हाडीसकट आला.

"कोण गं गेलं?"

"बोहुमिल झेमान," ब्लाझेना म्हणाली.

"कोण झेमान? आपल्यात तर कुणी..." यार्मिलाचा आवाज खाली आला. "तुझे वडील?"

"हो."

"अगं, त्यांना जाऊन जन्म लोटला."

"घंटा राहिली होती."

यार्मिलाने छातीवर क्रूसाची खूण केली. कालोउसने टोपी काढली. त्याच्या टकलावरून वाफ निघत होती. ब्लाझेनाला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. फक्त खांदे भरून आले. तिने नाक पुसलं आणि दोर पुन्हा धरला.

"आणि आता कुणासाठी?" यार्मिलाने विचारलं.

"अध्यक्ष. आज पहाटे."

कालोउसने टोपी डोक्यावर घातली. त्याच्या आजोबांचंही घर त्याच वर्षी गेलं होतं. "त्याच्यासाठी? तू? कुणाची मुलगी आहेस विसरलीस का?"

"कुणाची मुलगी आहे ते ठाऊक आहे मला. म्हणून तर आधी त्यांची केली."

कालोउस कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाकडांकडे परत गेला. त्याला कुणी थांबवलं नाही. बाकीच्या बायका उभ्या राहिल्या. ब्लाझेनाने घंटा वाजवली. तीन फेरे, मध्ये तेवढीच शांतता. एक ठोकाही कमी नाही, एकही जास्त नाही. बसथांब्यावर उतरलेल्या कुणा परक्या माणसाने, काही न कळताच, सिगारेट विझवली.

नाद उतरला तसं एकेक जण पांगलं. यार्मिला तेवढी दारात थांबली.

"माफ केलंस त्याला?"

"नाही."

"मग?"

"गावातला माणूस गेला. गावाला कळायला नको?"

यार्मिलाने तिची बाही धरली. "चल, हात बर्फ झाले असतील तुझे. माझ्याकडे डंपलिंग आहेत, गरम."

"हो पुढे. येते मी."

यार्मिलाच्या बुटांखाली बर्फ करकरत गेला. तळ्यावर पोरांचा खेळ पुन्हा सुरू झाला. कुणीतरी गोल केला आणि दुसरा कुणीतरी नाही म्हणून ओरडू लागला. वर घंटा मुकी झाली होती, पण दोर अजून थोडा थोडा हलत होता. ब्लाझेना तो तळहातांत सैल धरून, तो थांबेपर्यंत उभी राहिली.