रिकामी फांदी

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशीची दिवाळी सरली आणि महाडहून बिरवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पोह्यांच्या गिरणीला कुणाची तरी दृष्ट लागली, असे लोक म्हणत. मित्रांनो, दृष्टबिष्ट काही नव्हते. मी तिथेच होतो. मी एक जुना फळा आहे. त्या गिरणीत जे बोलले गेले ते माझ्या अंगावर लिहिले गेले, आणि जे बोलले गेले नाही तेही मला दिसले.

माझा जन्म पोलादपूरचा. गोमाजी सुताराने शिवणीच्या लाकडाच्या फळ्या जोडून मला तयार केले. जुन्या सेलमधली काळी पूड आणि भोपळीच्या पानांचा रस चोळून त्याने मला काळाभोर केले. मी शाळेसाठी घडवलेला होतो. पण गोमाजीचे माप चुकले आणि शाळेच्या दारातून मी आत जाईना. त्या दारातून मुलांचे पाढे ऐकू येत होते, ते ऐकत मी बाहेर पावसात उभा होतो. अखेर गिरणीच्या शेठने मला उचलले आणि भट्टीशेजारच्या भिंतीवर टांगले. कितीतरी वर्षे माझ्यावर फक्त भाताचा भाव लिहिला जाई.

गिरणीचे काम कसे चालायचे ते सांगतो, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले. भात आधी टाकीत भिजत घालायचे. मग ते निथळून भट्टीच्या तापल्या वाळूत भाजायचे. मग घाणीत चेपायचे, चाळायचे आणि पोत्यांत भरायचे. टाकीवर येसूबाई असे. ती बिरवाडीच्या बौद्धवाडीतली. भट्टीवर कापडे गावचा भागोजी, चाळणीवर रंगूबाई, आणि पोती भरायला भिकू हमाल. येसूबाई टाकीवरच का, हे कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते. तिचा हात लागलेले भात पुढे भट्टीतून जाई, आणि विस्तवातून गेले की शुद्ध झाले अशी समजूत होती. भट्टीच्या अलीकडे तिने कितीही काम करावे, पलीकडे पाऊल टाकू नये. चवदार तळे तिथून फार लांब नव्हते. तिच्या बापाने त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायले होते. लेक मात्र गिरणीत लांबून ओतलेले पाणी पीत होती, कारण घरी गीता होती. गीता सातवीत होती आणि येसूबाईला तिला मास्तरीण करायचे होते. टाकीवरचे काम गेले तर शाळा जाणार, एवढे साधे गणित होते.

त्या दिवाळीच्या आदल्या वर्षी शेठचा पुतण्या मुरारी पुण्याहून आला. तिथल्या एका कारखान्यात त्याने नवी रीत पाहिली होती. मालात खोट निघाली की कामकरी, मुकादम सगळ्यांनी एकत्र बसायचे. फळ्याच्या मधोमध गोल काढून त्यात अडचण लिहायची आणि गोलातून फांद्या काढायच्या. प्रत्येकाने पाळीपाळीने सुचेल ते बोलायचे, बोललेले सारे फांदीवर लिहायचे. कुणाला हसायचे नाही, कुणाचे खोडायचे नाही. निवड मागाहून करायची. मुरारी त्याला गुणवत्ता मंडळ म्हणे. बैठक शनिवारी बसे, म्हणून बाकीचे म्हणत शनवारचे झाड.

भागोजीने पहिल्याच दिवशी टोमणा मारला, "पोरा, झाडाला पोहे लागतील तवा मला हाक मार."

पण पोहे लागले, मित्रांनो. तेव्हा गिरणीतले पोहे फार तुटत. माझ्यावर गोल निघाला, "पोहे तुटतात का?" रंगूबाई म्हणाली, वाळू फार तापते. येसूबाई म्हणाली, भात पुरते निथळायच्या आत भट्टीवाले ओढून नेतात. दोन फांद्यांवरची दोन वाक्ये मुरारीने एका रेषेने जोडली. ओले भात आणि तापलेली वाळू एकत्र आली की दाणा तडकतो, हे सगळ्यांना एकदमच दिसले. निथळण वाढवली, वाळू थोडी कमी तापवली, आणि पोहे पातळ, अखंड उतरू लागले. भागोजी मुकाट्याने माझ्यासमोर येऊन बसू लागला. बिरवाडीच्या कारखान्यांतले साहेब मला पाहून गेले. खंडेनवमीला घाणीबरोबर मलाही झेंडूचा हार घातला. मला वाटले, शाळेत गेलो नाही तेच बरे झाले.

आणि मग ती दिवाळी आली.

दिवाळीनंतर पोह्यांना वास येऊ लागला. गिरणीत यायचा नाही. माल दुकानात आठवडाभर पडला की कडवट, नाकात चढणारा वास सुटायचा. महाडच्या व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला, मग पोलादपूरच्यांनी. शेठ म्हणाला, असेच चालले तर टाळे लावीन. त्या शनिवारी तो स्वतः बैठकीला आला आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला. आजवर तो कधी आला नव्हता.

मुरारीने गोल काढला आणि फांद्या काढल्या. भात, पाणी, भट्टी, घाणी, पोती, माणसे. त्याने विचारायला सुरुवात केली. भात नवे आहे, हे लिहिले. विहिरीचे पाणी खाली गेले आहे, हे लिहिले. पोत्यांच्या फांदीपाशी खडू टेकवून त्याने विचारले, "इथे काय?"

कुणी बोलले नाही. भिकू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. दिवाळीपासून पोती बदलली होती हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. कुठल्यातरी कारखान्यातली वापरलेली पोती शेठने स्वस्तात आणली होती. त्यांच्या शिवणीत पांढुरकी भुकटी असायची. पण धन्यासमोर धन्याच्या वस्तूची खोट काढायची नाही, ही तिकडची जुनी रीत.

"पोती माझी मी बघतो. पुढचं बोला," शेठ म्हणाला.

मुरारी काकाच्या घरी जेवत होता. खडू पुढे सरकला आणि ती फांदी रिकामी राहिली.

भागोजीने घसा खाकरला. "भट्टीतनं निघाला तो माल चोख. वास येतो तर तो भट्टीच्या आधीचाच. नंतर बघायची गरज नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. भट्टीच्या पलीकडे खोट असूच शकत नाही, हे त्यांना इतके पटलेले होते की वास पोह्यांना दुकानात लागतो, गिरणीत नाही, याचा कुणी विचार केला नाही. मग रंगूबाईने, कुणाकडे न बघता, सांगितले, "टाकीवरला हात बदलून बघा."

मुरारीचा हात थबकला. पण कुणाचे खोडायचे नाही, हा नियम त्याचाच होता. त्याने माणसांच्या फांदीवर बारीक अक्षरांत लिहिले, "टाकीवरचा हात."

येसूबाई टाकीपाशी उभी होती. ती पुढे आली. "हात काय हवेत लोंबतो काय? नाव लिवा माझं."

"तसं नाही, येसूबाई. हे नुसतं सुचलेलं आहे."

"सुचलं कुणाला, आन् लागलं कुणाला. लिवा. ठसठशीत लिवा."

मुरारीने लिहिले. चार अक्षरे. मी लाकूड आहे, मित्रांनो, खडूचे मला ओझे होत नाही. पण त्या दिवशी झाले.

शेठने तिला काही दिवस घरी बसायला सांगितले. खोट सापडेपर्यंत झाड पुसायचे नाही, असा मुरारीचा दंडक होता. म्हणून ते नाव माझ्यावर तसेच राहिले. भट्टीचा धूर त्याच्यावर बसत गेला. टाकीवर रंगूबाईची भावजय आली. हात बदलला, वास गेला नाही. तरी येसूबाईला कुणी बोलावले नाही, आणि ती पोलादपूरच्या बाजूला खडी फोडायला जाऊ लागली. गीताने शाळा सोडली.

खोट सापडली ती अशी. फाटकी पोती कामकऱ्यांनी घरी न्यायची, हा गिरणीचा रिवाज होता. रंगूबाईने थंडीत एक पोते नेले आणि झटकून नातवाखाली अंथरले. नातू जेमतेम रांगत होता, हाताला लागेल ते तोंडात घाली. त्याला उलट्या सुरू झाल्या. महाडच्या डॉक्टरांनी पोराचे तोंड हुंगले, मग ते पोते हुंगले आणि विचारले, यात आधी काय भरलेले होते. रंगूबाईने शिवणीत उरलेली पांढुरकी भुकटी दाखवली. नातू राहिला नाही.

सुतक सरल्यावर ती गिरणीत आली. भट्टी गार होती. ती माझ्यासमोर उभी राहिली, त्या रिकाम्या फांदीकडे पाहत. तिला वाचता येत नव्हते, पण कुठे अक्षरे आहेत आणि कुठे नाहीत, हे कळायला वाचता यावे लागत नाही. तिने पदराने येसूबाईचे नाव पुसायला घेतले. धुराने ते असे धरले होते की पदर काळा झाला, नाव गेले नाही.

मुरारी दुसऱ्या दिवशी येसूबाईकडे गेला. भिकू सोबत होता. परत आल्यावर त्यानेच भागोजीला सांगितले, म्हणून मला कळले. मुरारीने तिला दारात उभे राहून परत यायला विनवले. तिने हातातली भाकरी थापून पुरी केली आणि विचारले, "नाव पुसलंत?"

"पुसतोय. जात नाही," मुरारी म्हणाला. खोटे बोलला नाही, एवढे त्याच्या पदरी घालायला हवे.

"मंग फळा रंगवा आधी. कोरा झाला की सांगावा धाडा. मी येते."

रंग आणायला मुरारी निघणार, तोच शेठने गिरणीला टाळे लावले.

त्यानंतर शेठ महाडच्या घरात बसून राहिला आणि गिरणीचे नाव निघाले की उठून आत जाई. मुरारी पुण्याला परत गेला. तिकडे तो अजूनही अशा बैठका घेतो म्हणतात, पण मालकाला बाहेर बसवून. भागोजी कापड्याला भातशेती करत म्हातारा झाला. भिकू मुंबईला गेला, त्याचे पुढे काय झाले कोण जाणे. रंगूबाईने पुन्हा कुठल्या कामाला हात लावला नाही. खडी फोडून येसूबाईचे हात कामातून गेले. ते शेकायला ती सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाई. तिथेच एकदा रंगूबाई तिला भेटली. दोघी एकाच कुंडाच्या काठावर पाण्यात हात सोडून बसल्या. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात येसूबाई वारली. गीता बिरवाडीत कामगारांचे डबे करते. ती मास्तरीण झाली नाही.

मी आता बिरवाडीतल्या एका परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून पडलो आहे. फांद्या पावसाने धुऊन नेल्या. शेठची ती रिकामी फांदीही गेली. ती चार अक्षरे मात्र आहेत. हवा दमट झाली की ती उठून दिसतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुठेतरी एकत्र बसाल, गोल काढाल, फांद्या काढाल. जरूर काढा. चार डोकी एकत्र आली की दाणा अखंड उतरतो, हे मी पाहिले आहे. पण ज्या फांदीवर कुणी काहीच बोलत नाही, तिच्यापाशी खडू टेकवून थांबा. आणि माणसाचे नाव लिहायला हात उचलला, तर ते पुसून जाईलच असे धरून चालू नका.

कधी बिरवाडीला आलात आणि मी दिसलो, तर आधी मला रंगवा. एका बाईला सांगावा धाडायचा राहिला आहे.