एकतीस लांब नावं

प्रशील अहिरे म्हणजे मेथीची जुडी घ्यायला गेला तरी चार गाड्यांवर भाव विचारून पुन्हा पहिल्या गाडीवर येणारा माणूस. त्यामुळे घरच्या सर्व्हरसाठी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून जपायची पद्धत, निवडायला त्याने सव्वा महिना घेतला, यात कुणाला नवल वाटलं नाही. दिवसा तो जळगावातल्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचा आणि संध्याकाळी मेहरूण भागातल्या घरी वहीत रकाने पाडून बसायचा. ईएक्सटी-फोर साधी, कामसू. पण एखादी फाइल आतून सडली तर चकार शब्द काढत नाही. झेडएफएस सांगते, दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्तही करते, पण तिला मेमरी भरपूर लागते. बीटीआरएफएस तेच काम थोडक्यात भागवते. बायको मयुरी एकदा म्हणाली, "मला बघायला आलास तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालास. या डब्याला एवढा विचार?"

शेवटी त्याने बीटीआरएफएस घेतली. दोन डिस्क जोडल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. आणि वरून, कुणी सांगितलं नव्हतं, तरी एक कुलूप बसवलं: फाइली आणि त्यांची नावं दोन्ही गुप्त करून ठेवणारा एक थर. आता चोर आलाच तर टीव्ही नेईल, त्याला या माणसाच्या आईच्या आवाजाचं काय पडलंय? पण हौस होती. लॅबमधल्या पोरांना सांगता येत होतं.

तो सगळा खटाटोप आईच्या आवाजासाठीच होता. आई, भागाबाई, शेवटची सहा वर्षं धुळ्याला थोरल्या लेकीकडे राहिली. लेकीचं नाव सपना. प्रशील तिला अक्का म्हणतो. अक्का नर्स. ड्यूटीवरून आली की आईजवळ बसायची आणि आई बोलायला लागली की गुपचूप फोनचं रेकॉर्डिंग चालू करायची. सहा वर्षांत दोनशे चौदा रेकॉर्डिंगं झाली. आई गेली, आणि महिन्याभरात फोनही अडखळायला लागला. तेव्हा प्रशील म्हणाला, "अक्का, फोन घेऊन ये. माझ्याकडे टाकू. तिथे कायमचं राहील."

अक्काची एक खोड होती. प्रत्येक रेकॉर्डिंगला ती स्वतः नाव द्यायची. साध्या गोष्टीला साधं: 'आई खोकला', 'आई दूध', 'आई टीव्ही'. पण आई मनापासून बोलली असेल, तर अक्काचाही हात सैल सुटायचा आणि नाव लांबत जायचं.

केबल लावल्यावर तिने विचारलं होतं, "नावं जरा लांब आहेत रे माझी. चालतील ना?"

प्रशील हसला होता. "अक्का, ही नावं आहेत का निबंध? चिनीत लिहिलंस तरी चालेल."

पडद्यावर ओळी भराभर पळाल्या आणि थांबल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की एकतीस फाइली गेल्या नाहीत. प्रशीलने ती ओळ वाचली. नाही म्हणता येणार नाही, वाचली. असेल काहीतरी फोनमधला कचरा, छोटी चित्रंबित्रं, असं त्याला वाटलं. मयुरीने चहा आणून ठेवला होता. भाव चार ठिकाणी विचारणाऱ्या माणसाने त्या एका ओळीला काही विचारलं नाही.

"बठ्ठं उनं का रे?" अक्काने विचारलं. सगळं आलं का, हे ती आईच्याच बोलीत विचारायची.

"बठ्ठं उनं," तो म्हणाला. आणि तिच्यासमोर त्यानेच तो फोन पार पुसून, नव्यासारखा करून दिला. भाचीला, साक्षीला, क्लासला न्यायला फोन हवा होता.

अकरा महिने सर्व्हर दर महिन्याला स्वतःची तपासणी करत राहिला आणि निरोप पाठवत राहिला: सर्व ठीक, चुका शून्य. प्रशील ते बघून खूश व्हायचा. एकही रेकॉर्डिंग त्याने लावून ऐकलं नव्हतं. ऐकू कधीतरी, जातंय कुठे, असं त्याचं चाललं होतं.

मग मार्चमध्ये अक्काचा फोन आला. रविवारी आईचा पहिला स्मृतिदिन. बुद्धवंदना झाली की आईचा आवाज लावायचा, असं तिने ठरवलं होतं. "ते मिरच्या खुडतानाचं पाठव," ती म्हणाली. "मोठं आहे. शांतपणे शोध."

त्याने शोधलं. मिरच्या नव्हत्या. जात्यावरच्या ओव्या नव्हत्या. आई आणि आबा, म्हणजे वडील, बोदवडला स्टेशनाजवळ भाड्याच्या खोलीत राहायचे, ते नव्हतं. 'आई खोकला' होतं.

 फाइली टाकतानाची जुनी नोंद त्याने उघडली, अकरा महिन्यांपूर्वीची. प्रत्येक ओळीत एकच तक्रार: नाव फार लांब आहे. प्रकार इतका साधा होता की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी अक्षराला एक घर लागतं आणि मराठीला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाची तीन घरं वेगळी. फाइल सिस्टिमला नावासाठी दोनशे पंचावन्न घरं चालत होती. त्या हौसेच्या कुलपाने ती एकशे त्रेचाळीसवर आणली. इंग्रजीत नाव असतं तर सहज मावलं असतं. अक्काने मराठीत लिहिलं, आणि जे तिला सगळ्यात जवळचं, त्याचं नाव सगळ्यात लांब. नेमकं तेच दारातून परत गेलं.

फाइल सिस्टिमने दगा दिला नव्हता. तिच्या हाती दिलेल्या एकशे त्र्याऐंशी फाइली तिने जिवापाड जपल्या होत्या. खोटं बोलला होता प्रशील, आणि त्या खोट्यावर विसंबून अक्काने आई पुसू दिली होती. पुसलेल्या फोनमधून आता काही निघणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हाच धडा तो पोरांना दर वर्षी शिकवायचा.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मयुरीला सांगितलं.

"फोनवर नको सांगू," ती म्हणाली. "धुळ्याला जा."

एसटीत बसल्यावर एरंडोलपर्यंत त्याने एक गोष्ट जुळवली. डिस्क जळाली, म्हणायचं. डिस्कचं कुणी मनावर घेत नाही, यंत्रच ते. बॅगेत नोंदीतून छापलेला एकतीस नावांचा कागद होता, आणि उरलेल्या सगळ्या फाइली त्याने मोबाइलमध्ये भरून घेतल्या होत्या, निदान रिकाम्या हाताने जायला नको म्हणून.

धुळ्यात, देवपूरला अक्काने दार उघडलं. नुकती ड्यूटीवरून आली होती, पाय सुजलेले. पाणी दिलं, समोर बसली.

"अक्का, डिस्क जळाली," तो म्हणाला. "थोडं गेलं."

 त्याच्याच गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "जाऊ दे रे. यंत्राचं काय सांगावं. तू एवढं केलंस तेच खूप. जीवाला लावून घेऊ नको."

तो हात त्याला सहन होईना. रागावली असती तर तो खोटं निभावून नेऊ शकला असता. त्याने बॅगेतून कागद काढला आणि तिच्या हातात दिला.

अक्काने चष्मा लावला आणि एक हात पुन्हा त्याच्या गुडघ्यावर ठेवला. आपलीच नावं एकेक करून ती वाचत गेली, ओठ हलवत. 'आई मिरच्या खुडताना प्रशीलच्या जन्माच्या रात्रीची गोष्ट सांगते.' तिथे ती थांबली.

"हाई बठ्ठं शे का?" तिने कागद हलवून विचारलं. "गेलेलं एवढंच ना?"

"एवढंच. पण डिस्क जळाली नाही अक्का. हे आलंच नव्हतं. त्या दिवशी पडद्यावर लिहून आलं होतं. मी वाचलं आणि तुला बठ्ठं उनं म्हणालो. मग मीच फोन पुसला. तुझ्या नावांना हसलो होतो ना, त्या नावांमुळेच गेलं. चूक माझी, अक्का. नावांची नाही."

अक्काने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मिरच्यांच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. 

"हे मिरच्यांचं तुझ्यासाठी घेतलं होतं मी," ती म्हणाली. "वाटलं, तू मागशील."

"तुला आठवतं?"

"अर्धं आठवतं."

"सांगशील?"

"सांगेन. आज नाही." तिने कागदाची नीट घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि उठली. "काय उरलंय तुझ्याकडे?"

"खोकला, दूध, टीव्ही... अशी लहान लहान."

"मग रविवारी खोकला घेऊन ये. तेवढा तरी." दारापर्यंत ती आली, पण जेवून जा म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. "आणि या वेळी आणायच्या आधी ऐकून बघ."

परतीच्या गाडीत पारोळा येईपर्यंत त्याला धीर झाला नाही. मग त्याने कानाला वायर लावली आणि 'आई खोकला' चालू केलं. बेचाळीस सेकंदांचं होतं. आई खोकत होती, दम लागेपर्यंत. अक्का पाणी देत होती, तांब्या वाजला. मग जरा वेळ नुसता पंखा. शेवटी आईचा आवाज आला, थकलेला पण अगदी स्पष्ट.

"प्रशीलना फोन उना का वं?"

"येईल त्याचा फोन," अक्का म्हणाली. "कामात असेल."