खाजणात कुणी नाही

“सगुणाबाई, जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय.”

गुडघाभर चिखलातून सगुणाबाईने मान वर केली. तिच्या हातात चिंबोरी नांग्या हलवत होती. “मंग काय झाला?” असं पुटपुटत तिने टोपली कमरेवर घेतली आणि ती तिवरांच्या झुडपांआड गेली.

कादंबरीने नाकावरचा रुमाल घट्ट बांधला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. घोडबंदर रोडच्या टॉवरांमागचं हे खाजण, खाडीच्या भरतीचं पाणी शिरणारी ही दलदल, म्हणजे साऱ्या वस्तीची उघडी मोरी. तिवरांच्या मुळांत पोरांचे लंगोट अडकलेले, थर्माकोलची मखरं फुगलेली, वर पिवळट फेस. निर्माल्यसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेलं. देवाला वाहिलेली फुलं जणू देवापासूनच झाकून ठेवायची होती. वासाने तिला उमासा आला. तिला तेच हवं होतं. फोटो पाहणाऱ्याच्या पोटात ढवळलं पाहिजे, असा तिचा हट्ट. माणूस दिसला की लोक माणसाचं कौतुक करतात आणि घाण विसरतात, म्हणून तिच्या चौकटीत माणूस कधीच नसे.

ठाण्यातल्या प्रदर्शनात फोटो भिंतभर लागला. खाली नाव होतं, ‘मृत खाडी’. लोकांनी तोंडं वाकडी केली, दोघीतिघी पदर नाकाला लावून पुढे सरकल्या, आणि कादंबरी मनातून खूश झाली. फोटोला बक्षीसही मिळालं. पुढे प्रदर्शनात भेटलेल्या कुणा सर्वेशने जनजागृतीसाठी म्हणून त्याची प्रत मागितली. तिने खुशाल पाठवून दिली.

पावसाळा सरल्यावर खाजणावर भराव टाकून नवं संकुल बांधायची टूम निघाली. त्याच्या जनसुनावणीला कादंबरी हरकत घ्यायला गेली, तर पडद्यावर तिचाच फोटो. शेजारी सर्वेश उभा होता. तो बिल्डरचा माणूस होता.

“सर, हा आमचा फोटो नाही, पर्यावरणवाल्यांचाच आहे,” तो म्हणाला. “बघा, मासा नाही, माणूस नाही. नावच ‘मृत खाडी’. आम्ही खाजण कुठे बुजवतोय? उकिरडा साफ करतोय.”

“डास तरी जातील!” मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

सर्वेशने तिला ओळखलं. खाली येऊन त्याने हात पुढे केला. “मॅडम, थँक्यू हां. एक नंबर फोटो.” हात सामोशाच्या तेलाने बरबटलेला होता. तिने तो सवयीने धरला, आणि मग ओढणीला पुसत राहिली. तेल निघाल्यावरही पुसतच राहिली. खाजणात कधी आली नव्हती एवढी शिसारी तिला आता आली, आणि ती सर्वेशची नव्हती.

ती उठली. “साहेब, हा फोटो खोटा आहे.”

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा सारखा केला. “तुमचाच ना हा?”

“हो.”

“कॉम्प्युटरवर काही बदललंय?”

“नाही. काहीच नाही.”

“मग खोटं काय?”

“तिथे एक बाई होती. त्यांचं घर त्या चिखलावर चालतं, चिंबोऱ्या धरतात. मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. अधिकारी मात्र हसले नाहीत. “त्या आल्यात का? त्यांना स्वतः सांगू द्या. आम्ही नोंद घेऊ.”

कादंबरीने हॉलभर नजर फिरवली. टॉवरांतल्या बायका, मोबाइलवर डोकी घातलेली मुलं, पाण्याच्या बाटल्या. सुनावणीची नोटीस सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये लागली होती. सगुणाबाईला सांगायचं कादंबरीलाही सुचलं नव्हतं. खिडकीबाहेर खाडीचं पाणी दूर जाऊन चिखल उघडा पडलेला दिसत होता.

“नाही आल्या,” ती म्हणाली. “आत्ता ओहोटी आहे. त्या कामावर असतील.”

अधिकाऱ्यांनी पुढचं नाव पुकारलं.