चार्ज कुणाकडे?

आमच्या वहिनींनी सरकारी हॉस्पिटलात मेट्रन म्हणून उभी हयात घालवली आणि मग नोकरी सोडून निवडणुकीला उभ्या राहिल्या, त्याही अपक्ष. निवडून आल्या तेव्हा सगळ्यांत जास्त धक्का घरच्यांनाच बसला. त्यांना सभागृहात एकच काम करायचं होतं. आजारी माणूस दारात आला की कुठल्याही हॉस्पिटलनं आधी उपचार सुरू करायचे, कागद आणि पैसे नंतर मागायचे, असा कायदा. दुसऱ्यांनी दारातून परत पाठवलेली माणसं त्यांच्या वॉर्डात पोचायची, तोवर करण्यासारखं फारसं उरलेलं नसायचं. हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं की त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाजही चढत नसे.

चढायचा तो माझा. मी त्यांचा धाकटा दीर, आणि त्यांचा स्वीय सहायक. म्हणजे फायली धरायच्या, फोन घ्यायचे आणि जमेल तिथे भांडण उकरून काढायचं. मी संशयी आहे असं घरात सगळे माझ्या तोंडावर सांगतात. असेन. पण त्या विधेयकाच्या बाबतीत मला जे वाटलं ते उगाच नव्हतं.

विधेयकाला विरोध कुणाचाच नव्हता. सत्ताधारी भाषणात वहिनींना 'माउली' म्हणायचे, विरोधक त्याहून वरचा सूर लावायचे. तरी दर वेळी काहीतरी निघायचं आणि विधेयक पुढे ढकललं जायचं. आता निवडणुकीआधीचं शेवटचं अधिवेशन, त्याचा शेवटचा दिवस. त्या दुपारी मतदान झालं नाही, तर विधेयक कायमचं गेलं. त्याच सकाळी कँटीनमध्ये मला दोन्ही पक्षांचे प्रतोद एका टेबलाशी दिसले. प्रतोद म्हणजे आपापली माणसं मतदानाला हाकून आणणारे. सत्ताधाऱ्यांच्या प्रतोदाला मी साखरमामा म्हणतो, विरोधकांच्या प्रतोदाला भोंगा. सभागृहात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे हे दोघे एका बशीतली बिस्किटं खात होते. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खाली गाड्यांच्या तळावर गेलो, तर दोन्ही पक्षांचे ड्रायव्हर साहेबांच्या बॅगा डिकीत ठेवत होते. जेवण झालं की सगळे घरी.

डाव सोपा होता. खाजगी हॉस्पिटलवाल्यांना दुखवायचं नाही, 'नको' म्हणून बदनामही व्हायचं नाही, नुसतं निघून जायचं. सभागृहात पुरेशी माणसं नसली की कुणीतरी उठून तसं म्हणणार, घंटा वाजणार, तरी कुणी आलं नाही की कामकाज बंद. दोष कुणाचाच नाही.

मी धापा टाकत वहिनींना हे सांगितलं आणि बाहेर पत्रकार उभे आहेत, आत्ताच त्यांचं बिंग फोडू या म्हणालो. वहिनी चष्मा पुसत होत्या. त्यांनाही या डावाचा संशय होताच म्हणे.

"पण आरोप केला की ते चिडतील, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि चिडलेल्या माणसाला उठून जायला छान कारण मिळतं."

मग त्या उठल्या आणि सभागृहाच्या मोठ्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हात जोडून विनवण्या करणार. माझी मान खाली गेली.

नर्सांची एक रीत असते. ड्यूटी संपली, घरी पाहुणे येऊन बसले, काहीही झालं तरी पुढची नर्स येऊन पेशंट ताब्यात घेत नाही तोवर वॉर्ड सोडायचा नाही. याला त्या चार्ज देणं म्हणतात. पहिला सदस्य रुमाल सारखा करत बाहेर पडला, तेव्हा वहिनींनी त्याला अगदी वॉर्डातल्या आवाजात विचारलं, "निघालात? चार्ज कुणाकडे दिलात?"

तो हसला. वहिनी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. उत्तराची वाट बघत राहिल्या. त्याची आई महिनाभर यांच्या वॉर्डात होती, ही रीत त्याला चांगली ठाऊक होती. पाय मोकळे करायला आलो होतो, असं काहीतरी पुटपुटत तो आत वळला. दुसऱ्याला तोच प्रश्न. तिसऱ्यालाही. दाराशी गर्दी साचली, तसे पत्रकार काय चाललंय ते बघायला सरकले.

तेवढ्यात साखरमामा आले. "बाई, आमच्यावर संशय घेताय का?"

"छे हो. तुमची माणसं परत आत बसलीयेत, तेवढं सांगायला थांबलेय."

साखरमामांनी दारातून आत डोकावलं, तर भोंग्याचीही काही माणसं परत येऊन बसलेली. ते बघतायत हे लांबून भोंग्याने बघितलं. आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोघांनी मिळून पळायचं ठरवलं होतं खरं, पण दुसरा मागे राहून सगळं श्रेय खाईल ही भीती दोघांनाही होती. साखरमामा फोनवर ओरडले, भोंगा जिन्यावरून ओरडला, आणि निघालेल्या गाड्या फाटकातून परत फिरल्या. विधेयक एकमताने मंजूर झालं. सगळ्यांत मोठ्याने 'होय' म्हणणाऱ्यांच्या बॅगा अजून डिकीतच होत्या.

संध्याकाळी पत्रकारांनी विचारलं, आत काही संगनमत होतं का? वहिनी म्हणाल्या, सगळ्यांनी साथ दिली, सगळ्यांचे आभार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाडीत बसल्यावर मी नाही नाही ते बोललो. 

"कायदा लागू व्हायला त्याचे नियम अजून लिहायचेत," एवढंच म्हणाल्या. "ते हेच लोक लिहिणार आहेत."

नियम लिहिले गेले. आणि पुढच्या निवडणुकीत दोन्ही पक्षांनी मिळून वहिनींच्या विरोधात एकच उमेदवार दिला. या वेळी लपवायचे कष्टही घेतले नाहीत. दोन्ही पक्षांच्या पोस्टरवर तो कायदा होता, वहिनी कुठेच नव्हत्या. त्या पडल्या. मी दोन दिवस जेवलो नाही. त्या व्यवस्थित जेवल्या आणि एका खाजगी हॉस्पिटलात नोकरीला लागल्या.

पहिल्या दिवशी मीच त्यांना सोडायला गेलो. आम्ही दारातून आत शिरत होतो, एवढ्यात एक माणूस बायकोला हातांवर घेऊन धावत आला. तिचे ओठ निळे पडले होते. तो खिडकीतल्या मुलीला गयावया करत सांगू लागला की कागद घरी राहिलेत, पैसे भाऊ घेऊन येतोय, पाया पडतो. त्या मुलीने मान वर करून बघितलं आणि स्ट्रेचर मागवलं. "ते नंतर बघू हो," ती म्हणाली. "आधी आत न्यायचं असा कायदाच आहे."

 मी त्या माणसाचा हात धरला. हा कायदा कुणी केला, ती बाई इथे तुझ्या शेजारी उभी आहे, हे त्याला सांगायचं होतं मला. मी मागे वळून बघितलं.

वहिनी तिथे नव्हत्या. त्या स्ट्रेचरची एक बाजू धरून आत निघाल्याही होत्या.