लाकडाला पाजलेलं पाणी

दीड वर्ष मी नुसता बेत करत होतो. आयटीआयला इलेक्ट्रिशियन झालो अन् त्याच साली विहिरी आटल्या. पाणीच नाही तर मोटार दुरुस्तीला कोण बोलावतंय? गिटार वाजवायला केजच्या गहिनीनाथच्या जुन्या, साध्या गिटारवर शिकलो होतो. तयार इलेक्ट्रिक गिटार झेपणारी नव्हती, म्हणून ठरवलं, सुटे भाग मागवायचे अन् घरीच जोडायची.

वहीत एकतीस पानं लिहिली. आधी लाकडी बॉडी घासायची. मग मान चार स्क्रूंनी आवळायची. मग आतल्या विजेच्या तारांना डाख, म्हणजे सोल्डर. वीज दुपारी दोन ते चार, म्हणजे डाखाचं काम त्याच वेळात. रंगाला धूळ नसलेली खोली पाहिजे. तशी गावात एकच, दूध संस्थेची. जनावरं छावणीला गेली अन् सहकाराला कुलूप लागलं. चावी चेअरमन भगवानरावांकडं. संस्थेच्या विहिरीची चावी बी त्यांच्याकडंच. सगळ्या गावाचं म्हणून जे जे होतं, ते एका माणसाच्या कडदोऱ्याला लटकत होतं. खोली मागायला गेलो तर म्हणाले, "तमाशात जायचा का बे आता? सुताराचं पोर न् तुणतुणं!"

खोलीची गरजच पडली नाही. सुट्या भागांचं खोकं तीन आठवडे उशिरा आलं, ते बी केजपर्यंत. गुरुवारी मी ते जीपच्या टपावरून घरी आणलं, अन् रविवारी मला वाजवायचं होतं.

केजात गहिनीनाथचा ऑर्केस्ट्रा हाय. त्याचा गिटारवाला पुण्याला कंपनीत लागला. गहिनीनाथ म्हणाला, "सिदू, रविवारी लग्न हाय. सोताचं वाद्य घेऊन ये. वाजवलंस तर पार्टीत, मग महिनाभर नगरकडच्या जत्रा. न्हाई तर माजलगावचं एक पोरगं रांगेत हाय." माझे दोन्ही भाऊ कोयता घेऊन उसाला जातात. मला तो कोयता हातात धरायचा नव्हता. रविवार हुकला की तोच होता.

रंगाची सहा पानं मी सरळ ओलांडली. मान बॉडीच्या खाचेत ठेवून बघितली तर ढिली. बाजूला फट. त्यावर इलाज वहीत होता, कागदासारखी लाकडाची ढलपी घालायची. माझे वडील, आसाराम सुतार, शेजारीच बाजेवर बसले होते. जन्मभर तिफणी अन् गाडीची चाकं केली. दोन वर्षं पेरणी नाही, तर तिफण कोण करून घेतंय? लाकूड तासायचा वाकस धूळ खात पडलेला.

"एवढी फट? कोणच्या सुतारानं केलं बे हे?"

"मशीननं केलंय, दादा. तुमी फक्त एक पातळ ढलपी काढून ठिवा. उद्या केजाहून डाखाची तार आणतो अन् बसवतो."

दादांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना चोरी करायला सांगितली.

शुक्रवारी पाच वाजता परत आलो, तर आईचा आवाज पार वेशीपर्यंत. तिचा, बायडाबाईचा, आवाज गाव ओळखतं. "माणसाला प्यायला थेंब न्हाई अन् हा म्हातारा लाकडाला पाजतोय! चौथ्या दिशी टँकर येतो, मेल्या, चौथ्या दिशी!"

रांजणात माझी गिटार होती. बॉडी तळाला, तिच्यावर सुटी मान, अन् तरंगू नये म्हणून त्यावर वरवंटा.

दादा हसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. "ढलपी घालून जोड बसवतो त्यो सुतार न्हवं. चाकाचा आरा कोरडा असला की ढिला पडतो. भिजला की फुगतो, आवळतो. सकाळपासनं भिजतंय. आता बघ, सूतभर हलायचं न्हाई."

मी हात घालून मान काढली. तिच्यावर चिकटवलेली, तारांखाली येणारी पट्टी टोकाला सुटली होती. डोळ्यासमोर धरली तर मान धनुष्यासारखी. खाच इतकी फुगली होती की मान आत जाईना.

मग मी जे बोललो ते कुणी बापाला बोलू नये. वाटोळं केलंत म्हणालो. अडाणी म्हणालो. अजून बी म्हणालो, ते इथं लिहीत नाही. आईनं वरवंटा उचलून पाट्यावर ठेवला.

दादांनी हात धोतराला पुसले. "ह्याला पाणी चालत न्हाई, हे मला कुठं म्हायती? तू सांगितलं कावून न्हाई?"

काय सांगणार? दीड वर्ष घरात सुतार बसून होता. मी मोबाइलमधल्या परक्या माणसांना लाकूड कसं धरायचं ते विचारलं. ह्याला एक शब्द विचारला नाही. तिफणवाला, त्याला काय कळतंय. एकतीस पानांत बापाचं नाव नव्हतं. बॉडीला पाणी त्यांनी पाजलं असंल, पण त्यांना कोरडं मी ठेवलं होतं.

शनिवारी वाळायला ठेवलेली बॉडी उन्हानं तडकली. खाचेपासून तळापर्यंत. दादांनी गोवऱ्यांचा विस्तव केला अन् तिफणीची दांडी सरळ करतात तशी मान शेकायला घेतली. मला ठाऊक होतं, आचेनं पट्टीचा गोंद सुटणार. मी अडवलं नाही. माझ्याकडं दुसरं काही उरलंच नव्हतं, अन् त्यांच्याकडंबी नव्हतं. पाच मिनिटांत सगळी पट्टी त्यांच्या हातात आली. ते ती घेऊन तसेच बसले, परत कशी लावावी ते बघत.

मी बाहेर जाऊन फोन लावला.

"झाली का जोडून?" गहिनीनाथ.

"न्हाई. मोडली."

"मंग माजलगाववाल्याला सांगतो बाबा. लगीन हाय, थांबता येत न्हाई."

"सांग."

"एक ऐक. स्पीकर उचलायला माणूस कमी हाय. जत्रा संपस्तोवर. येतो का?"

आत दादा आईला गोंद कुठं ठेवलाय ते विचारत होते.

"जीप किती वाजता निघती?" मी विचारलं.

"सकाळी सातला. अन् चांगली कापडं घालू नको."